तिसरा प्रश्न

तिसरा प्रश्न विचारायला वुर्यानीबाई विसरल्या, आणि तरीही त्याचं उत्तर आलं. फळ्यावर बाजाराचं चित्र टांगलेलं होतं, टोपली पुढ्यात घेऊन बसलेल्या बाईचं. चित्रात काय दिसतं, बाई कुठे बसली आहे, ती काय विकते, ती घरी कशी जाते, असे प्रश्न एकापाठोपाठ एक यायचे होते. मागच्या भिंतीला लागून सेमारांगमधल्या निरनिराळ्या शाळांचे इंग्रजीचे शिक्षक एकाच नक्षीच्या बाटिक सदऱ्यांत, मांडीवर खाऊचा डबा सांभाळत बसले होते. भरतीची वेळ होती. समुद्राचं पाणी गटारातून वर यायला लागल्याचा ओळखीचा वास खिडकीतून आला, आपण स्कूटर उंचावर लावली की नाही असा एक विचार बाईंच्या मनाला चाटून गेला, आणि तेवढ्यात त्या दुसऱ्यावरून थेट चौथ्यावर गेल्या. "ती घरी कशी जाते?" त्यांनी स्वच्छ इंग्रजीत विचारलं. नादिफने हात वर केला, कारण आता हात त्यानेच वर करायचा होता. तो उभा राहिला आणि तितक्याच स्वच्छ इंग्रजीत म्हणाला, "ती मासळी विकते, मिस." "व्हेरी गुड, नादिफ," वुर्यानीबाई म्हणाल्या.

हे शब्द आपल्या तोंडून गेले हे त्यांना नादिफ खाली बसल्यावर कळलं. पण तोवर गाडी सुटली होती. ती इतक्या लवकर का उठते, असं त्यांनी विचारलं तेव्हा दुसऱ्या एका मुलाने ती बसने जाते असं सांगितलं. तिला मुलं किती, यावर तिसऱ्याने बाजार पहाटे उघडतो असं सांगितलं. सगळी उत्तरं बरोबर होती, फक्त एकेक घर मागे होती. मुलांचे उच्चार सुरेख होते. त्यांनी आठवडाभर मेहनत घेतली होती आणि बाईंनीही. खुला पाठ म्हटला की तो बसवावा लागतो, नाटक बसवतात तसा, आणि सेमारांगमध्ये सगळेच बसवतात. मागचे शिक्षक माना डोलावत होते. पाठ संपला, सगळ्यांनी मुठी उंचावून फोटो काढला, मुलं घरी गेली, आणि मग अभिप्राय झाले. एक जण म्हणाले, मुलं धीट आहेत. एक बाई म्हणाल्या, चित्र रंगीत आहे. काडीसारख्या बारीक एका तरुण शिक्षकाने बराच विचार करून, पंखा आवाज करतो असं सुचवलं, आणि एवढ्या कडक टीकेनंतर तो स्वतःच लाल झाला. इंग्रजी शिक्षकांच्या मंडळाचे अध्यक्ष पाक सुगोंदो, म्हणजे सुगोंदोसर, शेवटी उठले. त्यांनी आयुष्यात कुणाला नाही म्हटलेलं नव्हतं. त्यांनी जाहीर केलं की नव्या शिक्षकांना शिकवायला शहरातून एक शिक्षक निवडायचा आहे, आणि आजच्या पाठानंतर बू वुर, म्हणजे वुर्यानीबाई, यांच्याशिवाय दुसरं नाव त्यांना सुचत नाही. टाळ्या झाल्या. सरकारी प्रशिक्षणात शिकवतात ती, आधी गुडघ्यावर, मग हातावर, मग हवेत वाजवायची टाळी.

स्कूटर पाण्यात घोटाभर बुडाली होती. तिच्याजवळ त्याच वर्गातली लारासाती, घरी न जाता, चपला हातात घेऊन उभी होती.

"बू, माझं उत्तर राहिलं."

"कुठलं गं?"

"शेवटचं. मला कुणी विचारलंच नाही."

"मग आता सांग."

लारासातीने पाठ ताठ केली, नजर बाईंच्या कपाळावर ठेवली आणि म्हणाली, "कारण तिचं तिच्या कुटुंबावर प्रेम आहे." 

"कुणाचं?"

मुलीने थोडा विचार केला. "ते माहीत नाही, बू."

घरी जाताना रेल्वेच्या फाटकापाशी थांबावं लागलं. पुढच्या मालगाडीचे डबे मोजण्याइतके हळू जात होते, पण बाईंनी ते मोजले नाहीत. त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट टोचत होती. मागे बसलेल्यांपैकी कुणाच्याच हे लक्षात आलं नाही, की आलं आणि ते गप्प बसले? लक्षात आलं नसेल तर ही माणसं इंग्रजी शिकवतात कशी. आणि आलं असेल तर इतकी वर्षं आपण ज्याला कौतुक समजत आलो ते काय होतं. शेजारच्या रिक्षातल्या माणसाने फाटक उघडलं, उघडलं, असं दोनदा सांगितलं तेव्हा त्या भानावर आल्या. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ते व्हेरी गुड. ते त्यांनी म्हटलंच नव्हतं. ते आपोआप झालं होतं, शिंकेसारखं. म्हणजे याआधी वर्गावर्गांतून जे व्हेरी गुड आपण वाटत आलो ते सगळं शिंकणंच होतं की काय, असा विचार करत त्या चढाला लागल्या आणि गिअर बदलायला विसरल्या.

घरी त्यांचे यजमान सुतिक्नो ओट्यावर पक्ष्याला शिकवत बसले होते. बंदरातल्या गोदामातून निवृत्त झाल्यापासून त्यांनी गाणाऱ्या पक्ष्यांच्या स्पर्धेचा नाद धरला होता. पिंजऱ्यावर फडकं टाकलेलं होतं आणि खाली फोनमधून दुसऱ्याच कुठल्या पक्ष्याचं गाणं पुन्हा पुन्हा वाजत होतं. ते ऐकून ऐकून आपल्या पक्ष्याने ते उचलायचं, मग पंच त्याला झेंडा देतात. बाईंनी पाय धुतले आणि घडलं ते सांगितलं.

"उत्तर आलं ना?" सुतिक्नो म्हणाले. "मग प्रश्न विचारून आणखी काय मिळालं असतं?"

"ह्याला कळतं का, काय गातोय ते?" बाईंनी पिंजऱ्याकडे बोट केलं.

"पंचांना कळत नाही, त्याला कुठून कळणार," ते म्हणाले, आणि बाईंच्या खाऊच्या डब्यातला लेम्पर, म्हणजे सारण भरलेला चिकट भाताचा मुटका, काढून त्यावरचं केळीचं पान सोलायला लागले. "नव्या मास्तरांना शिकवायचं काम मिळालं ते बरं झालं. तुला हवंच होतं."

हवंच होतं. हे तर खरं होतं आणि म्हणूनच टोचत होतं. नवे शिक्षक त्यांनी पाहिले होते; वर्गात पहिल्यांदा शिरताना त्यांच्या गळ्याची घाटी वरखाली होत असते, आणि त्या वेळी कुणीतरी त्यांना एक खरी गोष्ट सांगावी असं बाईंना फार वाटायचं. त्यांना स्वतःला कुणी सांगितली नव्हती. त्यांना प्रशिक्षणं मिळाली होती. डोंगरावरच्या हॉटेलांत, थंड हवेत, बॅनरखाली. विद्यार्थ्याला बोलू द्यावं, शिक्षकाने कमी बोलावं, हे त्यांना तिथे ज्या गृहस्थांनी शिकवलं ते सकाळच्या चहापासून जेवणाच्या घंटेपर्यंत एकटेच बोलत होते आणि जेवल्यावर त्यांनी त्याचा सारांश सांगितला. कुणाला काही शंका आहे का, असं त्यांनी विचारलं तेव्हा सगळ्यांनी एका सुरात नाही म्हटलं. एका सुरात बोलणं हे वुर्यानीबाईंना लहानपणापासून येत होतं. जुवानाला, मासळीच्या बंदराच्या गावी, वडील बर्फाच्या कारखान्यात मिस्त्री होते आणि शाळेत मार्सुदी गुरुजी पट्टी टेबलावर आपटून इंग्रजी शिकवत. गुरुजी वाक्य म्हणत, वर्ग ते परत म्हणे. खिडकीबाहेर मिठागरं पांढरी दिसत, आणि वर्गाच्या मधोमध बसलेली छोटी वुर्यानी वर्षभर नुसते ओठ हलवत राहिली. आवाज काढलाच नाही. तिला एवढं कळलं होतं की समूहात कोण बोलत नाही ते देवालाही ओळखू येत नाही, आणि त्या सुरक्षित जागेची तिला सवय झाली. वर्षअखेरीला तिला इंग्रजीत पहिला नंबर मिळाला. मग कॉलेजात, वरच्या सेमारांगमध्ये, एका दमट दुपारी, तिला घुसमटल्यासारखं झालं आणि ती उभी राहून एकटीच इंग्रजीत म्हणाली, मी खिडकी उघडू का? प्राध्यापकांनी वहीतून मान वर न करता, उघडा, म्हटलं. ती गेली, कडी काढली, वारा आत आला आणि पुढच्या बाकावरचे कागद उडाले. तिच्या तोंडून निघालेल्या शब्दांनी जगातली एक वस्तू हलली होती. त्यानंतर तिने शिक्षिका व्हायचं ठरवलं, शिक्षिका झाली, आणि मुलांना सुरात म्हणायला शिकवायला लागली. हे कधी झालं ते शोधूनही सापडत नव्हतं. कुठे वळण आलंच नव्हतं. सरळ रस्ताच होता तो. फोनमधला पक्षी पुन्हा पहिल्यापासून गायला लागला. बाई उठल्या आणि त्यांनी ठरवलं की ते काम घ्यायचं, पण त्याआधी एक पाठ खरा द्यायचा. न बसवलेला. सगळ्यांसमोर.

पाक सुगोंदो यांची शाळा वर टेकडीवर होती, तिथे समुद्र येत नसे. त्यांनी गोड चहा मागवला, शेंगदाणे पुढे केले, कुटुंबाची चौकशी केली, पक्ष्याचीही केली, आणि मग ते ऐकू लागले. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा पाहुण्यांसमोर ठेवण्यासारखा होत गेला.

"पण बू, झालेला पाठ पुन्हा कशाला?"

"तो पाठ नव्हता, पाक. पाठांतर होतं."

"असतंच. पाहुणे येणार म्हटल्यावर आपण घर झाडत नाही का?"

"घर झाडतो. दुसऱ्याचं घर दाखवत नाही." बाईंनी कप खाली ठेवला. "एक विचारू? नादिफने मासळीचं उत्तर दिलं तेव्हा तुमच्या लक्षात आलं होतं?"

पाक सुगोंदोंनी शेंगदाण्याचं टरफल नीट दोन भागांत केलं. "आलं होतं."

"आणि बाकीच्यांच्या?"

"पुढची सगळी उत्तरं एकेक मागे होती, बू. आम्ही इंग्रजीचे शिक्षक आहोत."

"मग कुणी बोललं का नाही?"

"तुम्ही व्हेरी गुड म्हणालात," ते अगदी शांतपणे म्हणाले. "मग आम्ही कोण?"

टेकडीवर वारा चांगला होता. बाईंना राग यायला हवा होता, पण समोरच्या माणसाच्या डोळ्यांत इतका निर्मळ चांगुलपणा होता की राग धरायला जागाच नव्हती. ह्या माणसाने आपली लाज झाकली होती. सगळ्यांनी मिळून झाकली होती, अंथरुणावरची चादर चार टोकांनी धरून ओढावी तशी, आणि खाली आपण गुदमरत होतो. त्या म्हणाल्या, तुमच्या शाळेतला एक वर्ग द्या, ज्याने मला कधी पाहिलेलं नाही, आणि मंडळातल्या सगळ्यांना बोलवा. पाक सुगोंदो हो म्हणाले. त्यांच्याकडे तीन प्रकारचे हो होते. हा तिसरा होता, म्हणजे नाही. बाई उठल्या नाहीत. चहा गार झाला, दुसरा आला. शेवटी त्यांनी दुसऱ्या प्रकारचा, नाइलाजाचा, हो दिला.

"मुलांना नुसता विषय सांगून ठेवतो."

"नको."

"निदान पहिला प्रश्न."

"नको, पाक."

"आणि पाठ पडला तर? वर कळवून बसलोय मी. नाव मागे घ्यावं लागेल. तुम्हाला वाईट वाटेल, मला वाईट वाटेल, मुलांना वाईट वाटेल."

"पडू दे," बाई म्हणाल्या. "पण मी पडलेली सगळ्यांना दिसू दे. नव्या पोरांपुढे मी काय सांगणार आहे, उत्तरं कशी वाटून द्यायची ते?"

ठरलेल्या दिवशी वर्ग फारच शिस्तीत बसला होता, पण बाईंच्या ते आधी लक्षात आलं नाही. मागे तेच बाटिक सदरे, तेच डबे. बाईंनी आज काहीच आणलं नव्हतं, चित्रही नाही. हात कुठे ठेवावेत ते कळेना, म्हणून ते पाठीमागे एकमेकांत धरले. त्यांनी नाव सांगितलं आणि मग इंग्रजीत विचारलं, "आज शाळेत येताना रस्त्यात तुम्ही काय पाहिलं?" पहिल्या बाकावरच्या, केसाला तेल लावलेल्या एका मुलाने ताबडतोब हात वर केला, उभा राहिला आणि अतिशय आत्मविश्वासाने म्हणाला, "ती मासळी विकते, मिस."

मागे पाक सुगोंदो छताकडे बघायला लागले. बिचाऱ्यांना राहवलं नव्हतं. नवा पाठ काय असणार ते त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांनी जुना करून घेतला होता, बाईंची पडझड होऊ नये एवढ्यासाठी. कोणाचा तरी हात धरावा तसा. बाईंच्या ओठांवर व्हेरी गुड आलं. त्यांनी ते तिथेच थांबवलं. शिंक दाबल्यावर डोळ्यांत पाणी येतं तसं आलं आणि त्यांना हसू फुटलं, वर्गात कधीही फुटलं नव्हतं तसं, आवाज करून. तेल लावलेला मुलगाही जरासा हसला, हसायचं कशाला ते न कळता. बाई म्हणाल्या, मासळीवाली आज आलेली नाही, ती बसने घरी गेली. मग त्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला आणि थांबल्या.

थांबणं सोपं आहे असं त्यांना वाटलं होतं. पहिल्या काही क्षणांत मुलं एकमेकांकडे बघत होती. मग ती बाकाकडे बघायला लागली. मग शांतता अशी झाली की कौलावरून चिमणी चालल्याचं ऐकू यावं, आणि बाईंच्या आतून एकेक वस्तू उठून बाहेर यायला निघाली. उत्तर सांगून टाक, म्हणत होती एक. प्रश्न सोपा कर, दुसरी. गाणं म्हणायला लाव, टाळी वाजवायला लाव, काहीतरी कर, मागे माणसं बसली आहेत. मागे कुणाच्या तरी डब्यातलं प्लॅस्टिक चुरचुरलं. पाक सुगोंदोंनी घसा खाकरला, तो इतका अर्थपूर्ण होता की त्यात जवळजवळ एक उत्तर होतं. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि ते गप्प झाले. बाईंच्या बगलेतून घाम ओघळत होता. आपण ह्या मुलांना छळतो आहोत असं त्यांना वाटलं. हे इथे केलेलं चालत नाही. इथे माणसाला अडकू देत नाहीत, अडकायच्या आत पुढे होऊन सोडवतात, आईने त्यांना तेच शिकवलं होतं, आणि त्या वर्षभर नुसते ओठ हलवणाऱ्या मुलीलाही कुणी अडकू दिलं नव्हतं. अडकू दिलं असतं तर. त्यांनी बोटं आणखी घट्ट धरली. मी थांबणार आहे, त्या मनात म्हणाल्या, आणि हे मनातलं वाक्य इंग्रजीत आलं याचं त्यांना आश्चर्य वाटलं.

खिडकीजवळची एक मुलगी हात वर न करता, न उठता, बाकाशी बोलल्यासारखं बोलली. तिचं नाव कनांगा हे नंतर कळलं. "मी माझ्या बाबांना पाहिलं," ती इंग्रजीत म्हणाली, एकेक शब्द हाताने चाचपून ठेवत. "मोटारसायकलवर. त्यांनी मला पाहिलं नाही."

वुर्यानीबाईंकडे पुढचा प्रश्न नव्हता. त्यांना आठवत होतं तेव्हापासून पहिल्यांदाच नव्हता. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं म्हणून त्यांनी विचारलं, "ते कुठे जात होते?"

"माहीत नाही, मिस. ते आता आमच्याकडे राहत नाहीत." ती थांबली, शब्द शोधला, सापडला. "हेल्मेट नवीन होतं."

मग तेल लावलेला मुलगा, हात वर करून की न करून अशा बेतात, म्हणाला की त्याने एक मेलेलं मांजर पाहिलं. कुणीतरी म्हणालं, ते मेलेलं नव्हतं, झोपलं होतं. त्यावर वाद झाला, अर्धा इंग्रजीत, अर्धा जावानीजमध्ये, आणि बाईंना तो आवरता आला नाही. मागची बाकं बाहेर बघत होती. घंटा झाली तेव्हा मांजराचा निकाल लागलेला नव्हता.

शिक्षकांच्या खोलीत सगळे गोलाकार बसले. डबे उघडले गेले. एक बाई म्हणाल्या, चित्र नसूनही छान झाला. कुणीतरी, मुलं धीट आहेत, असं म्हणायला सुरुवात केली आणि ते वाक्य खरंच आहे असं लक्षात येऊन गोंधळून थांबलं. मग पाक सुगोंदो उभे राहिले. त्यांच्या हातात लेम्पर होता आणि तो ते ठेवायला विसरले होते.

"बू वुर, एक बोलू का?"

"बोला."

"मध्ये तुम्ही फार वेळ थांबलात. मला सोसेना." त्यांनी लेम्पर दुसऱ्या हातात घेतला. "आणि त्या मुलीशी बोललात ते बरं, पण बाकीच्या वर्गाला ती काय म्हणाली ते कळलंच नाही. मांजरावरून तर नुसता बाजार झाला. मागची दोन बाकं पूर्ण वेळ बाहेर बघत होती. मला वाटतं," ते म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा उच्चारायच्या शब्दापाशी आल्यासारखे अडले. कुणी त्यांना सोडवलं नाही. "मला वाटतं, हा पाठ चांगला नव्हता."

खोलीत चावणं थांबलं. वुर्यानीबाईंचे कान तापले. लागलं होतं, नीट, खोल, जिथे लागायला हवं तिथे. आणि त्या लागण्याच्या खाली त्यांना, पुराच्या पाण्यात चाचपडणारा पाय अचानक रस्त्याला लागावा तसं, काहीतरी कठीण लागलं. त्यांनी त्यावर भार टाकून पाहिला. ते हललं नाही.

"फळ्यावर तुम्ही काहीच लिहिलं नाहीत," तो बारीक तरुण शिक्षक एकदम म्हणाला, आणि लाल झाला, पण थांबला नाही. "हेल्मेट, मांजर, हे लिहिलं असतं तर मागच्यांना धरायला काही तरी मिळालं असतं."

"आणि उजवीकडच्या मुलांकडे तुम्ही बघतच नाही," कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं.

पाक सुगोंदो खाली बसले. त्यांनी लेम्परकडे पाहिलं आणि तो परत डब्यात ठेवला. "बू," ते हळूच म्हणाले, "आता मला वर खरं कळवावं लागेल. नाव कदाचित राहणार नाही."

"ते तुम्ही ठरवा," वुर्यानीबाई म्हणाल्या. "आधी हे होऊ द्या." त्यांनी आपली खुर्ची कोपऱ्याच्या दिशेने ओढली, तिचे पाय फरशीवर करकरले. "उजवीकडचं कोण म्हणत होतं? नीट सांगा. पहिल्यापासून सांगा."